वेरूळचा उजेड

बँकेतून निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला, पण हिशेबाची सवय सुटली नाही. कार्तिकात छत्रपती संभाजीनगर आणि भोवतालच्या परिसरात छायाचित्रणासाठी चार दिवस जायचे ठरले, तेव्हा प्रथम खतावणीसारखी वही आखली: स्थळ, वेळ, उजेडाची दिशा, अंतर. त्या शहरात, ते औरंगाबाद असताना, मी तीन वर्षे नोकरी केली. पाहुणे घेऊन वेरूळला अनेकदा गेलो, पण यजमानाची नजर लेण्यांकडे कमी आणि घड्याळाकडेच जास्त. कैलास पाहून होईपर्यंत मुलांना भूक लागे आणि आपली जैन लेणी, क्रमांक 30 ते 34, बहुधा राहूनच जात.

या वेळी आरंभ तिथूनच करायचा होता. 32 क्रमांकाच्या लेण्याला इंद्रसभा म्हणतात, ते एका गैरसमजातून. हत्तीवर बसलेल्या यक्षाला पूर्वी लोक इंद्र समजले आणि नाव चिकटले. अंगणात एकसंध पाषाणातील हत्ती, मानस्तंभ आणि मधोमध सर्वतोभद्र मंदिर. वरच्या मजल्यावर आम्रवृक्षाखाली अंबिका. या लेण्यांत धरणेंद्राच्या फणांखालील पार्श्वनाथ आणि वेलींनी वेढलेले बाहुबली पुष्कळदा समोरासमोर कोरलेले आढळतात. एकावर कमठाचा उपसर्ग चालू आहे, दुसऱ्याच्या अंगावर वेली चढल्या आहेत, आणि दोघेही तितकेच निश्चल. ही जोडी एका चौकटीत कशी घ्यावी, याचाच विचार मी कित्येक दिवस करीत होतो.

अडचण उजेडाची. वेरूळचा कडा सामान्यतः पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी लेणी सावलीत असतात आणि तिरपे ऊन दुपारनंतर येते. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि छतावरच्या जुन्या रंगांवर फ्लॅश मारणे मला योग्य वाटत नाही. म्हणजे सारी भिस्त त्या उन्हावर. शेवटचा पाऊण तास सर्वांत उत्तम. कार्तिकात सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास. मी वहीत ‘पाच ते पावणेसहा, इंद्रसभा’ असे लिहून खाली रेघ मारली. सौ.ने वही पाहिली आणि एवढेच विचारले, “आणि जेवण?”

मला एकदम आमचे दुकान आठवले. संध्याकाळी कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक दाटलेले असे, तरी दादा दिवस असतानाच उठत आणि जेवून येईपर्यंत नऊ-दहा वर्षांच्या मला गादीवर बसवून जात. त्या वीस मिनिटांत किती गिऱ्हाईक परत गेले, याचा हिशेब त्यांनी कधी विचारला नाही. त्याच गादीच्या मिळकतीवर मी एम.कॉम. झालो. दादा मात्र दुकान सोडून लांब कुठे गेले नाहीत. आता ते 78 वर्षांचे आहेत आणि गुडघे साथ देत नाहीत.

वेरूळचे फोटो मोठे करून त्यांना द्यावेत, असा माझा बेत होता. फोनवर सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “अरे, तिथं मूर्तीसमोर बसायला जागा आहे का?”

फोटोत ती दिसणार नव्हती. फोन ठेवल्यावर मी वही पुन्हा काढली.

दादा प्रथम नाहीच म्हणाले. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, दुकान कसे सोडायचे? पुतण्याने तो प्रश्न निकालात काढला. मग बेत बदलला. कार्तिक पौर्णिमेला कचनेरला यात्रेची गर्दी, म्हणून त्यानंतरचा आठवडा. मंगळवारी वेरूळ बंद, तो दिवस चिंतामणी पार्श्वनाथांच्या दर्शनाला. वाटेत कापसाची वेचणी चालू असेल. गाडी थांबवून तेवढे शेतातले फोटो घेईन. पैठणचा मुनिसुव्रतनाथ ठेवला आहे. नाथसागरावरचे पक्षी कमी केले, कारण पहाटे काठावर तासभर तिष्ठणे दादांना जमणारे नाही. दौलताबादचा किल्लाही रस्त्यावरूनच पाहायचा.

वेरूळला दोन दिवस. इंद्रसभेचा जिना त्यांना चढवणार नाही. अंगणातील सर्वतोभद्रासमोर ते बसतील, हवे तितका वेळ. त्यामागच्या टेकडीवर शके 1156 चा लेख असलेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिथल्या पायऱ्या मी सकाळी एकटा चढून येईन.

आणि पाच वाजता डबा. जेवण उरकून लेण्यात परतेपर्यंत जो उजेड उरेल, तो माझा. सौ. दशम्या करणार आहे. वहीत ‘कॅमेऱ्याची बॅटरी’ या ओळीखाली तिने स्वतःच्या अक्षरात ‘दादांसाठी घडीची खुर्ची’ असे लिहिले आहे.