रात्री ते झोपणार कुठं?

पिल्लू आणायचं ठरलं तेव्हा नाव काय ठेवायचं यावर कुणीच बोललं नाही. आईनं एकच विचारलं, "रात्री ते झोपन कुठं?"

आमचं गाव मूल तालुक्यात. सांदवाडीच्या कुंपणामागे धानाच्या बांध्या, मग नाला, नाल्यापलीकडे जंगल. तेच पुढे ताडोबाच्या बफरला जाऊन मिळतं. आमच्याकडे कुत्रा म्हणजे आंगणात किंवा सपरीत झोपणारा प्राणी. त्याला भात मिळतो, ताक मिळतं, आणि रात्री त्यानं भुंकायचं असतं. एवढाच करार.

आधीच्या कुत्र्याचं नाव शेरू. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात शेजारच्या गावात नाटक होतं. झाडीपट्टीतलं नाटक म्हणजे रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत. मी आणि बाबा निघालो. शेरू दरवेळी मंडपापर्यंत मागे यायचा, तिथं गावच्या कुत्र्यांशी भांडायचा. म्हणून मी त्याला सपरीच्या खांबाला साखळीनं बांधला. पहाटे पाचला परतलो तेव्हा साखळी होती, पट्टा तुटलेला होता. रात्री तो खूप भुंकला होता. आईनं आतूनच दोनदा "चूप बस" म्हणून ओरडून सांगितलं होतं. मग तो चूप बसला.

आईनं ती गोष्ट नंतर फक्त एकदा सांगितली. मी बांधलं होतं याबद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं येऊन "बिबट असन" म्हणून गेली. कुणाला नवल वाटलं नाही. गाय, बैल, शेळी गेली की पंचनामा होतो, वनविभागाकडे भरपाईचा अर्ज जातो. कुत्र्यासाठी अर्ज करताना मी आमच्या गावात कुणाला पाहिलेलं नाही.

पुढे चंद्रपूरला कॉलेजात असताना विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. तो आपल्या भागातला नाही, नगर जिल्ह्यातल्या अकोल्याचा, 2014 साली प्रसिद्ध झालेला. तिथल्या शेतांमध्ये राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेवरून ते काय खातात हे शोधलं होतं. खाल्लेल्या प्राण्यांच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. शेळ्या त्या भागात कुत्र्यांहून कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा 11 टक्केच. शेळ्यांना दिवसा राखणारं कुणी असतं, रात्री त्या कोंडल्या जातात. कुत्रा मोकळा असतो.

ते वाचून मला आमचा कोठा आठवला. रात्री शेळ्या आत, दाराला कडी, आणि दाराबाहेर शेरू. राखणीला.

तर आता पिल्लू आत झोपणार हे मी जाहीर केलं, आणि आजी उठून बसली. घरात देव आहेत, सैपाक आहे. "कुत्रा सपरीतच बरा. घरात नोको आनू, बापा." दोन शनिवार याच वादात गेले. मी फोनवर दाखवलेल्या व्हिडिओंचा काही उपयोग झाला नाही. त्यातले कुत्रे सोफ्यावर बसलेले होते, ते बघून आजीचा विरोध आणखी पक्का झाला. शेवटी मार्ग बाबांनी काढला. सपरीचा एक कोपरा विटांनी अर्धा उचलला, वरून छपरापर्यंत लोखंडी जाळी, आणि आतून-बाहेरून कडी लागेल असं दार. घरातही नाही, बाहेरही नाही. आजी बघून म्हणाली, "शेळीपेक्षा लाड." पण हसली.

बाकीची तयारी त्यामानानं सोपी. खाटेखाली असलेल्या धानाच्या फवारणीच्या बाटल्या आणि उंदराचं औषध उंच फळीवर गेलं. खरं तर ते आम्ही लहान असतानाच जायला हवं होतं.

मग लस. आमच्याकडे त्या दवाखान्याला अजून ढोरांचा दवाखानाच म्हणतात, आणि पिशवीत पिल्लू घेऊन ढोरांच्या रांगेत उभं राहिलं की लोक बघतात. डॉक्टरांनी नीट समजावलं. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरतं, आणि ते असेपर्यंत लस नीट लागू होत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं आणखी, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजचा तिसऱ्या महिन्यानंतर. डोस पूर्ण होईपर्यंत गावच्या कुत्र्यांत सोडायचं नाही, कारण पार्वो झालेलं पिल्लू दोन-तीन दिवसांतही जाऊ शकतं.

त्यातली डिस्टेंपरची लस आमच्यासारख्या गावांत फक्त कुत्र्याची नसते. हा विषाणू वाघ-सिंहांनाही होतो. 1994 साली सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह त्यानं मेले. 2018 साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या काहींमध्ये तो सापडला. म्हणजे नाल्यापलीकडून आमच्याकडे भीती येते तशी आमच्याकडूनही पलीकडे काही जाऊ शकतं. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे आता बिबटाची बी काळजी आपुनच करायची?" मला उत्तर सुचलं नाही.

पिल्लू डिसेंबरात आलं, भुरकट, एक कान पडलेला. मावसभावानं वाघ्या नाव सुचवलं. आजीनं तिथंच मोडीत काढलं. "रातच्याला वाघ्या, वाघ्या करून बोंबलशीन तं गाव काठ्या घेऊन येईन." मग भुऱ्या.

पहिले काही दिवस तो रात्रभर रडला. जाळीपाशी पोतं टाकून मी त्याच्याशेजारी झोपले. साखळी आणलीच नाही. बाबा एकदा बाजारातून घेऊन आले होते, आईनं ती न बोलता कोठ्यातल्या खुंटीला अडकवली.

साधारण तीन आठवड्यांनी, मध्यरात्रीनंतर केव्हातरी, भुऱ्या पहिल्यांदा भुंकला. बारीक, फाटका आवाज. मी उठेपर्यंत आई सपरीत पोचली होती. तिनं बाहेरचा दिवा लावला, जाळीच्या दाराची कडी हातानं हलवून बघितली, आणि आंगणाकडे बघत उभी राहिली. आंगणात काही नव्हतं. मांजर असेल. भुऱ्या भुंकतच होता, आणि ती त्याला काही म्हणाली नाही. तो आपला आपण थांबेपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो.

सकाळी चहा गाळताना तिनं विचारलं, "त्याच्या दुसऱ्या सुईची तारीख कोनती आहे?"