लाँच आल्याशिवाय एसटी सुटायची नाही

रायगडच्या किनाऱ्यावर ओसाड पडलेलं रेल्वेगाव शोधून सापडणार नाही. गाव ओसाड पडायला आधी तिथे गाडी यावी लागते. पेण-रोह्यापर्यंतचे रूळ १९८६ साली झाले, कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून थेट धावायला लागली. दोन्ही वेळा गाडी किनारा बाजूला ठेवून आतल्या अंगाने गेली. अलिबागच्या वाट्याला आली ती पेणहून थळच्या खत कारखान्यात जाणारी मालगाडी. त्या रुळांवरून खताची पोती जातात, माणसं नाहीत. माणसांची गाडी अधूनमधून वर्तमानपत्रातून येते आणि तिथूनच परत जाते.

इथली गावं भरली आणि ओसरली ती लाँचवर. म्हणून कॅमेरा गळ्यात अडकवून, पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी मोरा, करंजा, रेवस या धक्क्यांच्या वाटेने निघालो. पुतण्याच्या डोक्यात अमेरिकेतलं थरमंड होतं. पश्चिम व्हर्जिनियात न्यू नदीच्या खोल घळीत हे गाव आहे. एके काळी भोवतालच्या खाणींचा कोळसा तिथून आगगाडीने जायचा, वाफेची इंजिनं तिथे कोळसापाणी घ्यायची. डिझेलची इंजिनं आली आणि त्यांना थांबायचं कारण उरलं नाही. २०२० च्या जनगणनेत गावात ५ माणसं भरली. आता लोक मोटारी काढून तिथे फोटो काढायला जातात. रिकामी दुकानं, गंजलेले रूळ, आणि फोटोत चुकून माणूस आलं तर पुन्हा काढायचा. ही तऱ्हा मला पटत नाही. जे पाच राहिलेत त्यांचा चेहरा बघायला मला जास्त आवडेल.

उरणजवळच्या मोऱ्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती. गाळामुळे ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, हे मोऱ्याचं जुनंच दुखणं. पूर्वी लोक भरतीचं वेळापत्रक पाठ करून नोकरीला जायचे. तिथींचा हिशेब बायकांना पंचांगाशिवाय यायचा. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतूचं आणि उरणपर्यंतच्या लोकलचं उद्घाटन झालं. लोकलला भरती लागत नाही. जगात गावं आगगाडी गेल्यामुळे रिकामी होतात. मोरा मात्र ती आल्यामुळे रिकामा व्हायला लागलाय. धक्क्यावर शाळेची दोन पोरं गळ टाकून बसली होती. त्यांना विचारलं, लाँचने कधी मुंबईला गेलात का? मोठा म्हणाला, "एकदा. फिरायला." त्याच्या आजाने तो प्रवास रोज केला असणार आणि ‘फिरायला’ हा शब्द त्याच्या तोंडात कधी आला नसणार.

करंजाला मात्र ओसाडीचं नाव नाही. मच्छीमार बोटींची दाटी, बर्फाचे तुकडे, डिझेलचा वास, जाळी विणणारे हात. तिथून रेवसची लाँच मोटरसायकलसुद्धा घेते. दोन खलाशांनी गाडी उचलून फळीवरून आत कशी घेतली ते बघण्यासारखं होतं. पुतण्या "सांभाळून, सांभाळून" करत होता, ते दोघं आपसात कालच्या क्रिकेटवर बोलत होते. रस्त्याने जायचं तर पेण, वडखळ, पोयनाड असा अख्ख्या खाडीला वळसा. पाण्यावरून मात्र बोलण्याच्या नादात पलीकडे लागतो. इथल्या पुलाचं स्वप्न मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग त्यांच्याच डोक्यातला. आता कुठे पुलाचं काम सुरू झालंय. आमच्या समोरून कोळशाचं एक बार्ज आत धरमतरकडे गेलं. मुंबईहून आगबोटीने निघालेली मंडळी ह्याच खाडीतून धरमतरला उतरायची. खाडीची वर्दळ तशी संपलेली नाही, फक्त तिच्यातून माणसं उतरून गेली.

आणि रेवस. माझं आजोळ मापगावचं, कनकेश्वराच्या पायथ्याशी. सत्तरच्या दशकात मे महिना म्हणजे भाऊचा धक्का, तिथला मासळीचा दर्प, लाकडी लाँच आणि तिच्या बाकांवर ट्रंका, वळकट्या, कोंबड्यांच्या पाट्या. डाव्या हाताला उरणचा डोंगर सरकत जायचा. उजवीकडे, उघड्या समुद्राच्या बाजूला, काश्याचा खडक. तिकडे तोंड करून आजी हात जोडायची आणि रेवस येईपर्यंत एक अक्षर बोलायची नाही. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट त्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सणाला घरी निघालेली माणसं होती ती. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत ती अमावास्या नंतर कधी साजरी झाली नाही. जुन्या जलप्रवासाचे गोडवे गाताना मी ‘रामदास’ आधी आठवून घेतो. ओहोटीला गुडघाभर चिखलातून खांद्यावर घेऊन आणलेल्या बाळंतिणीही आठवतो. त्या काळाला रम्य म्हणणारे बहुतेक सुट्टीत जाणारे होते. मीही त्यांतलाच.

तरी एक गोष्ट रम्य होतीच. धक्क्याच्या तोंडाशी अलिबागची एसटी उभी असायची आणि लाँच आल्याशिवाय ती हलायची नाही. कंडक्टर खाली उतरून, डोळ्यांवर आडवा हात धरून समुद्राकडे बघायचा. लाँचला उशीर झाला की चहावाल्याच्या धंद्याला बरकत. गाडीत बसलेले लोक कुरकुरायचे, पण "आमचं काय, आम्ही निघतो" असं कुणी म्हणायचं नाही, कारण येणाऱ्यांत प्रत्येकाचं कुणी ना कुणी असायचं. परतीच्या लाँचला पांढऱ्या कांद्याच्या माळा, वालाची गाठोडी, ताडगोळे, सुक्या बोंबलांच्या जुड्या. आमच्या मामांनी दिलेल्या माळेतला एक कांदा तरी वाटेत सुटून पाटावर गडगडत जायचा, आणि अनोळखी माणूस तो उचलून आणून द्यायचा.

आता मुंबईची धावपळ मांडव्याला उतरते. गेटवेहून कॅटमरान येतात आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहूनच रो-रो निघते. मोटारीसकट माणूस पोटात घेते आणि मांडव्याला सोडते. सोय झाली हे खरंच, मीही गेलोय तिने. पण मोटारीतून आलेला माणूस मोटारीतूनच पुढे जातो, धक्क्यावर कुणाची वाट बघायची वेळच येत नाही. रेवसची लाँच अजून चालते. पावसाळ्यात कॅटमरान बंद पडतात तेव्हाही ती चालते, आणि तिच्यात बसतात ते पाटी, पोतं, आजारी नातेवाईक घेऊन जाणारे लोक, ज्यांना रो-रोचं तिकीट विचारायचीही गरज वाटत नाही.

पुतण्याने पडक्या शेडचे फोटो काढले. मी धक्क्यावरच्या एका लोखंडी खुंट्यापाशी बसलो. वर्षानुवर्षं दोर घासून त्याच्या कमरेला खाच पडली होती, बोट आत जाईल एवढी. खाचेतलं लोखंड चकचकीत आणि बाकीचा खुंटा गंजून तांबडा. शेजारी वेळापत्रकाचा फळा, नव्या रंगाखालून जुने आकडे डोकावणारा. खाली कुणा मास्तराच्या वळणदार अक्षरात ‘भरतीप्रमाणे बदल होईल’.

खलाशी दोर सोडत होता. म्हणाला, "गंजलेल्याचाच फोटो काय काढता काका?" मग मी त्याचा काढला, खुंट्यासकट. त्याने तो लगेच मोबाइलवर पाठवायला लावला, बघितला, पोट आत घेऊन पुन्हा एकदा काढायला लावला. पूल झाला की काय करणार, असं विचारलं तर म्हणाला, "झाला तं बगू. बापूस पन हेच ऐकत म्हातारा झाला." आणि गर्दीचा फोटो हवा असेल तर गौरी-गणपतीत या म्हणाला, उरणच्या सासुरवाशिणी माहेरी निघतात तेव्हा लाँचमध्ये उभं राहायला जागा नसते, मोटरसायकल तर त्या दिवसांत घेतच नाहीत.