पात्रता आणि पेलणं

म्युनिकमधल्या मराठी घरांत मूल चौथीत गेलं की आपल्याकडच्या दहावीचं वातावरण तयार होतं. त्याला कारणही आहे. बव्हेरियात मेच्या सुरुवातीला मिळणाऱ्या प्रगतिपुस्तकात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासाची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल (इथे १ सर्वोत्तम, ६ तळाचा), तरच गिम्नाझियमचा, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेचा, रस्ता थेट उघडतो. एरवी प्रवेशासाठी तीन दिवसांचे चाचणीवर्ग. पण पात्र ठरणं वेगळं आणि ती शाळा घराला झेपणं वेगळं. पाचवी ते तेरावी अशी नऊ वर्षं, सहावीत दुसरी परकी भाषा, आणि बराचसा अभ्यास घरी. ज्या घरात जर्मन निबंध वाचून चूक दाखवणारं कुणी नाही, तिथे हे ओझं एकट्या मुलावर पडतं. २००० च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीने जर्मनीला हेच सुनावलं होतं: इथे मुलाचं यश पालकांच्या परिस्थितीशी फार घट्ट बांधलेलं आहे.

म्हणून अशा घराने पात्र ठरूनही गिम्नाझियमचा हट्ट धरू नये. ‘आता गिम्नाझियम सोडलं तर विद्यापीठ गेलं,’ हा आक्षेप तितकासा खरा नाही. रेआलशूले या दहावीपर्यंतच्या माध्यमिक शाळेतून दहावी करून फाखओबरशूले या पुढच्या शाळेमार्गे उच्चशिक्षणाकडे जाता येतं. अर्थात गुणांची अट असते, आणि सगळ्या शाखांची मुभा हवी तर तेरावी व दुसरी परकी भाषाही लागते. हुशार मुलाला उगाच का अडवायचं, हा प्रश्न मात्र मला वजनदार वाटतो. जर्मन पुस्तकांत आपणहून रमणाऱ्या मुलाला पाठवावंच. शंका आहे ती शिकवण्यांनी ओढून आणलेल्या २.३३ बद्दल. चौथीच्या सुरुवातीलाच शिकवणी थांबवावी. गुण टिकतात का, ते जानेवारीपर्यंत कळतं.