भिंतीवर राजे, पायाखाली कैदी

इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यात वॉटर्लू चेंबर नावाचे भव्य दालन आहे. 1815 साली नेपोलियनचा पराभव झाला, त्या विजयाचे हे स्मारक. भिंतींवर थॉमस लॉरेन्स या चित्रकाराने रंगवलेले राजे, सेनापती आणि मुत्सद्दी आहेत, प्रत्येकाचे नाव इतिहासात नोंदलेले. खाली जमिनीवर एक प्रचंड, जोड नसलेला गालिचा आहे. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तो खास या दालनासाठी विणून घेतला गेला. वजन सुमारे 2 टन. 1992 साली किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला सुमारे 50 सैनिक लागले.

विणला कुणी? आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी. त्यांतले एकही नाव आजवर आमच्या वाचनात आलेले नाही.

कुणी म्हणेल, केवढी ही कला! आम्हीही तेच म्हणतो. अखंड गालिचा विणायचा तर त्याच्या रुंदीएवढा माग लागतो. मागापुढे ओळीने माणसे बसतात, उभ्या धाग्यांवर एकेक गाठ मारतात, मग आडवा धागा घालून ठोकतात. एकाचा हात चुकला की नक्षी बिघडते. एवढे कौशल्य ज्यांच्या बोटांत होते, त्यांची ओळख फक्त 'कैदी' एवढीच का उरावी?

मित्रांनो, याचे उत्तर आपल्या घरातच आहे. आपल्या बापजाद्यांनी सांगावे पोचवले, अंमलदारांची ओझी वाहिली, मेलेली ढोरे ओढली. त्याला 'वतन' असे भारदस्त नाव होते, पदरात मात्र शिळी भाकर पडत होती. म्हणूनच बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडले. काम घ्यायचे, पण करणाऱ्याला माणूस म्हणून मोजायचे नाही, ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे.

येरवडा म्हटले की आपल्याला 1932 चा पुणे करार आठवतो. त्याच तुरुंगात इंग्रजी अमलात कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात, हे आपल्याला क्वचितच कुणी सांगते.

तुरुंगाच्या भिंतीआड तरी सगळे सारखे होते का? मुळीच नाही. स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी साफ करायचा, हे स्वतंत्र भारतातही अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्या जातीवरून ठरवत होत्या. सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले, तेही 3 ऑक्टोबर 2024 रोजी! वेठबिगारीला बंदी घालणारे कलम 23 संविधानात 1950 पासून आहे.

विंडसरच्या त्या गालिच्यासमोर मान तुकवायचीच असेल, तर ती विणणाऱ्यांपुढे तुकवावी. आणि प्रश्न फक्त राणीला विचारून भागणार नाही. आपल्या विहारातली सतरंजी कुणी विणली? जयंतीचा मंडप कुणी उभारला? पुतळा कुणी घडवला? त्यांना पुरती मजुरी मिळाली का? कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव ठळक असते. त्याच कोनशिलेवर कारागिरांची नावेही कोरा. सुरुवात आपल्याच वस्तीतून करू या.

जय भीम!