विनातारण

करवंदीच्या जाळीला आमच्या बँकेनं कधी कर्ज मंजूर केलं नसतं. जमीन म्हणजे डोंगराचा उतार, त्यात माती कमी आणि कातळ जास्त. पाण्याची सोय नाही, जामीनदार नाही. साहेबांनी अर्ज पहिल्या पानावरूनच परत धाडला असता. आणि ही बया तिकडे सह्याद्रीत खुशाल उभी! वैशाखात आजूबाजूचं गवत वाळून कोळ होतं, मोठमोठी झाडं अंगावरची पानं टाकून दिवाळं काढल्यासारखी उघडी पडतात, तेव्हा हिची चामड्यासारखी जाड पानं हिरवीगार. बारा महिने हजर. ना रजा, ना ओव्हरटाइम.

घराणं मात्र जरा संशयास्पद आहे. कण्हेर ही हिची भाऊबंद, म्हणजे चक्क विषारी. हिचंही पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि काटे तर बेचक्यासारखे दुहेरी. म्हणून शेतकरी हिला कुंपणाला लावतात. अशा घरात चांदणीसारखी सुवासिक फुलं यावीत आणि एप्रिल-मेमध्ये काळीभोर करवंदं लगडावीत, हे वशिल्याशिवाय झालेलं आहे! हिरवी असताना लोणचं, पिकली की तशीच तोंडात. पण आधी चावून बघायचं : आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. बिनवकिलाचा निकाल.

कर्जत-कसाऱ्याकडच्या ठाकर-कातकरी बायका 'डोंगरची काळी मैना' घेऊन स्टेशनाबाहेर बसतात. पानाच्या द्रोणात एक वाटा. गेल्या मे महिन्यात आमच्या काउंटरवरचे एक सहकारी तिथं घासाघीस करत उभे होते.

"मावशी, डोंगरात फुकटच मिळतात ना?"

"मंग जा की दादा. डोंगर तितंच हाय."

तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते. खर्चाची बाजू तिथं लिहिलेली होती, पण दुसऱ्याचं खातं तपासायची सवय आम्हां लोकांना फक्त दहा ते पाच. त्यांनी वर चार करवंदं जास्त घातल्याशिवाय पैसे काढले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या धाकट्याचा वाढदिवस झाला. केकवर लालभडक चेऱ्या. आता बेकरीतली ही चेरी म्हणजे पुष्कळदा आपलं करवंदच असतं. बी काढायची, साखरेच्या पाकात मुरवायचं, लाल रंग द्यायचा, की झालं बारसं. केकचं बिल त्यांनी एक अक्षर न बोलता चुकतं केलं होतं. आपल्या वाट्याची चेरी बशीच्या कडेला जपून ठेवली आणि अगदी शेवटी, डोळे मिटून खाल्ली.

"काश्मीरची असेल, नाही?"

"कर्जतची," मी म्हटलं.

ते खो खो हसले आणि मला केकचा आणखी एक तुकडा वाढला.