लांगटांगच्या वाटेवरचा चहा

घरातला भरलेला गॅस सिलिंडर कधी उचलून पाहिलाय? नसेल तर पाहू नका, कंबर धरेल! आत गॅस १४.२ किलो, आणि टाकीचं स्वतःचं वजनही जवळजवळ तेवढंच. म्हणजे झाले तीस किलोच्या आसपास. आता असा सिलिंडर पाठीवर घेऊन तीन दिवस डोंगर चढायचा, अशी नुसती कल्पना करा. नेपाळात लांगटांग नावाचं खोरं आहे. तिथे आम्ही जो चहा प्यायलो, तो अशा पाठीवरून आलेल्या सिलिंडरवर उकळलेला होता. आणि त्याच चहाच्या किमतीवरून आमच्यात दोन दिवस वाद चालला होता!

आम्ही म्हणजे चौघी मैत्रिणी. दोघी शिक्षिका, एक नर्स, आणि चौथीचं झेरॉक्सचं दुकान. या चौथीला आम्ही खजिनदार केलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत, कमीत कमी पैशांत हिमालय पाहायचा, एवढंच ठरलं होतं. विमान परवडणार नव्हतं. नाशिकरोडला कुशीनगर एक्सप्रेसच्या स्लीपर डब्यात बसलो, गोरखपूरला उतरलो आणि बसने सोनौलीच्या सीमेवर गेलो. आपल्याला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ असला की चालत पलीकडे जायचं. पलीकडे गेल्यावर घड्याळ मात्र पंधरा मिनिटं पुढे करायचं, बरं का! अर्धा तास नाही, एक तास नाही, पंधराच मिनिटं. आणि आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० होतात. एका मिनिटात श्रीमंत झाल्यासारखं वाटतं, पण ते सुख फार टिकत नाही, कारण वस्तूंच्या किमतीही तिथल्याच रुपयांत असतात.

मला सगळ्यात मजा वाटली ती पाट्यांची. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. त्यामुळे परदेशात असूनही तुम्हाला प्रत्येक पाटी वाचता येते! ‘पानी’, ‘विद्यालय’ हे कळतंच. ‘पसल’ म्हणजे दुकान आणि ‘चिया’ म्हणजे चहा. आपल्या ‘किती’ला ते म्हणतात ‘कति’. खजिनदाराने हा एकच शब्द पाठ केला आणि सगळा प्रवासभर वापरला.

रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून काठमांडूला पोचलो, तर रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा आणि कपाळावर टिळे! आपल्या नरकचतुर्दशीच्या दिवशी तिथे ‘कुकुर तिहार’ असतो, म्हणजे कुत्र्यांचा सण. एक केसाळ कुत्रा माळ घालून रस्त्याच्या मधोमध इतक्या ऐटीत बसला होता की बसवाल्यानेच बस वळसा घालून नेली.

काठमांडूहून स्याफ्रुबेसीचं अंतर दीडशे किलोमीटरही नाही, पण बसला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. रस्ता डोंगराच्या पोटातून, आणि जागोजागी दरडी. पुढे लांगटांगकडे गाडीरस्ता नाहीच, तिथून फक्त पाय. गंमत म्हणजे स्याफ्रुबेसीची उंची सुमारे १५०० मीटर. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर जिथे संपत येतो, तिथे आमची चाल सुरू होणार होती!

परदेशी ट्रेकरांनी परवाना असलेला वाटाड्या सोबत घ्यायचा, असा नियम नेपाळने २०२३ साली केला. आमचा वाटाड्या पन्नाशीचा होता. आम्ही त्याला ‘दाइ’ म्हणायचो, म्हणजे दादा. तो दर दहा मिनिटांनी एकच शब्द म्हणायचा, “बिस्तारै, बहिनी, बिस्तारै.” हळू, ताई, हळू.

पहिले दोन दिवस नदीकाठचं दाट जंगल. वानरं भरपूर दिसली. या राष्ट्रीय उद्यानात लाल पांडाही राहतो, पण त्याने आम्हाला दर्शन दिलं नाही. दर्शन झालं ते पाठीवर ओझं घेतलेल्या माणसांचं. पाठीला बांबूची उंच टोपली असते, तिला म्हणतात ‘डोको’. टोपलीखालून एक रुंद पट्टा येतो, तो कपाळावर घ्यायचा. तो ‘नाम्लो’. म्हणजे डोको असतो पाठीवर आणि त्याचा भार डोक्यावर! हातात इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी असते, तिचं नाव ‘तोक्मा’. दम लागला की माणूस खाली बसत नाही. कारण एकदा बसला की ते ओझं घेऊन पुन्हा उठणं महाकठीण. तो तोक्मा मागे टोपलीखाली टेकवतो आणि उभ्याउभ्याच विसावा घेतो. किती साधी आणि किती हुशारीची वस्तू! गावाबाहेर पिंपळाखाली दगडी ‘चौतारा’ असतो, आपल्या पारासारखाच. पण त्याची एक पायरी बरोबर टोपली टेकेल इतक्या उंचीवर बांधलेली असते.

एव्हरेस्टच्या वाटेवरच्या हमालांची वजनं शास्त्रज्ञांनी मोजली होती. २००५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुष हमालांच्या पाठीवर सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं होतं. आपल्याकडे मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड दप्तर नसावं, असं २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलंय. आता तुम्हीच गणित करा. (आणि आईबाबांनो, तुम्ही एकदा दप्तर खरंच वजनकाट्यावर ठेवून पाहा.)

तर चहा. स्याफ्रुबेसीत जेवढ्या पैशांत दोन कप यायचे, तेवढ्यात लामा होटेल या दुसऱ्या मुक्कामाला एकच आला. खजिनदार भडकली. “एवढ्याशा कपाला? लुटतात नुसते!” ती भाव करायला लागली. चहावाली दिदी काहीच बोलली नाही. तिने फक्त वाटेकडे बोट दाखवलं. खालून एक पोरगेलासा माणूस येत होता. पाठीवर सिलिंडर, त्यावर अंड्यांचे ट्रे, वर साखरेची पिशवी. एकही अंडं फुटलेलं नव्हतं. खजिनदाराने पैसे दिले, पण वाद सोडला नाही. तिचं म्हणणं, परवडत नसेल तर चहा नको, गरम पाणी पिऊ. मी म्हटलं, अगं, पाणी गरम करायलाही तोच सिलिंडर!

जेवणाचा मात्र तिने शोध लावला. दालभात घेतला की भात, डाळ, भाजी परत परत वाढतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मग काय, आम्ही दोन्ही वेळा दालभातच. दाइ म्हणायचा, इथे हाच खरा पेट्रोलपंप.

तिसरा मुक्काम घोडातबेला. नावाचा अर्थ सांगायला नको ना? इथे नर्सबाईंनी सूत्रं हातात घेतली. तीन हजार मीटरच्या वर रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच असू नये, हा नियम. हवा विरळ होत जाते आणि शरीराला तिची सवय व्हायला वेळ लागतो. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही, आणि त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचं. दुसऱ्या दिवशी ३४३० मीटरवरच्या लांगटांग गावात पोचलो आणि दुखलं कोणाचं? खजिनदाराचंच! तिला काळजी डोक्याची नव्हती, जादा दिवसाच्या खर्चाची होती. नर्सबाई म्हणाल्या, “पोखरा रद्द. उद्या इथेच थांबायचं.” पोखऱ्याचं तळं पाहायचं आम्हा सगळ्यांच्याच मनात होतं. पण कोणी चकार शब्द काढला नाही.

तो थांबलेला दिवस मी विसरणार नाही.

गावात शिरण्याआधी आम्ही दगडगोट्यांचा एक प्रचंड पसारा ओलांडला होता. त्याखाली जुनं लांगटांग आहे. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमाराला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. वरच्या लांगटांग लिरुंग शिखराच्या उतारावरून बर्फ आणि दगडांचा लोंढा सुटला आणि काही मिनिटांत गाव गाडलं गेलं. खोऱ्यात तीनशेच्या आसपास माणसं गेली, गावातली आणि पाहुणे आलेलीही. लोंढ्यासोबत आलेल्या वाऱ्याने समोरच्या डोंगरावरची झाडं एकाच दिशेला आडवी झाली. कड्याच्या पोटाशी असलेलं एक घर तेवढं वाचलं. आता तिथे गेलेल्यांच्या नावांची स्मारकभिंत आहे. मंत्र कोरलेल्या भिंती असतात तशीच हीही उजव्या हाताला ठेवून चालायचं, असं दाइने सांगितलं. आम्ही नावं वाचत गेलो. एकाच आडनावाची कितीतरी.

आमच्या लॉजची दिदी संध्याकाळी चुलीपाशी बसली होती. तिने खिडकीतून त्या दगडांकडे पाहिलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, “हमारा घर उधर था. नीचे.” मग उठून भाताचं झाकण काढलं. खजिनदाराने छताकडे पाहून विचारलं, “हे पत्रे?” दिदी म्हणाली, “नीचे से.” दारं, खिळे, सिमेंट, काचा? “सब नीचे से. पीठ पर, खच्चर पर. थोडा हेलिकॉप्टर में.”

रात्री खजिनदाराने चहाचे पैसे दिले. किती, ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोकं उतरलं आणि आम्ही ३८७० मीटरवरच्या क्यान्जिन गोम्बाला गेलो. तिथे पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं! म्हणजे चहा उकळतोय तरी पुरेसा गरम नाही आणि डाळ कुकरशिवाय शिजायचं नाव घेत नाही. सकाळी तिथल्या टेकाडावर दर वीस पावलांना थांबत चढलो. आजूबाजूला नुसते पांढरे डोंगर. त्याचं वर्णन करायचा मी दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून सोडून देते.

क्यान्जिनला चीजचा छोटा कारखाना आहे. १९५०च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेला. एवढ्या उंचीवर कशाला? अहो, दूध तीन दिवस खाली नेईपर्यंत नासणार. पण दहा लिटर दुधाचं साधारण एक किलो चीज होतं, ते टिकतं आणि पाठीवर नेता येतं. शिवाय याक दूध देत नाही, हे तुम्हाला माहीत होतं का? याक म्हणजे नर. मादीचं नाव ‘नाक’!

आम्ही अर्धा किलो चीज घेतलं. शाळा उघडल्यावर वर्गात डबा उघडला, तर पहिल्या बाकापर्यंत वास. सत्तावीस मुलांना बोटाच्या पेराएवढे तुकडे वाटले. अर्ध्यांनी खाल्ले, अर्ध्यांनी खिडकीबाहेर टाकले. एकाने विचारलं, “बाई, हे याकच्या दुधाचं ना?”

“नाही रे,” मी म्हटलं, “नाकाच्या.”

पुढचा तास काही झाला नाही.