चार बोटे मोकळी

भांडे केवढे घ्यावे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. शाळेत मी मुलांना घनफळाचे सूत्र शिकवतो. पण घरात माणसे किती, येणारीजाणारी किती आणि उरले तर कोणाला द्यायचे, यांना त्या सूत्रात अक्षर नाही.

माझे थोरले बंधू इंग्लंडात लेस्टरला असतात. तेथे घरच्या घरी बिअर आंबवणे हा सज्जनांचा छंद आहे. पूर्वी त्याला परवाना लागे. १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी तो काढून टाकला. विकता मात्र येत नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून उभा आहे, तेव्हा वाचकांनी हा मजकूर पाककृती समजू नये. मी स्वतः चहाच्या पलीकडे गेलेला नाही.

दादाकडे मोठी बादली होती. तीत पाच गॅलन, म्हणजे सुमारे २३ लिटर रस घालून वर फेसाला जागा उरे. एक कान वहिनी धरायच्या, एक दादा, आणि ते ओझे जमिनीवरून ओट्यावर चढे. चाळीसएक बाटल्या होत. शनिवारी मित्रमंडळी त्या रिकाम्या करून देत. वहिनी गेल्या आणि बादली माळ्यावर गेली. यंदा दोन वर्षांनी दादाचा फोन आला.

"अरे, पुन्हा करून बघावंसं वाटतंय. दुकानदार म्हणतो, एकट्याला गॅलनची बरणी पुरे."

"दादा, मला काय कळतं त्यातलं?"

"लोणच्याच्या बरण्या आई कशा निवडायची, ते तुला ठाऊक आहे. मी तेव्हा घरी होतो कुठे?"

आईने बरणी कधी काठोकाठ भरली नाही. चार बोटे मोकळी सोडायची, म्हणजे तेल वर उभे राहते. आणि लोणचे निम्मे संपले की ती ते धाकट्या बरणीत काढी.

दादाने सांगितले ते याच जातीचे निघाले. साडेचार लिटर रसाला साडेचार लिटरचीच बरणी घेतली, तर दुसऱ्या दिवशी फेस वर येऊन झाकणातल्या नळीत शिरतो. नळी तुंबली की कोंडलेला वायू झाकण उडवतो. म्हणून भांडे पाऊणच भरायचे. उकळी चालू असते तोवर आतला वायूच हवेला बाहेर ठेवतो. ती शमल्यावर मात्र रिकामी जागा घातक, हवा लागून चव बिघडते. तेव्हा मोठ्या बादलीच्या तळाशी थोडासा रस घालून भागत नाही. शिवाय थोडा रस थंडीत लवकर निवतो, आणि तळाच्या गाळात जे जाते त्याचा लहान भांड्याला जास्त चटका बसतो. साडेचार लिटरांतले अर्धा लिटर गेले की बाटल्या उरतात आठ.

"आठच," दादा म्हणाला. पुढे थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "आठ बाटल्या म्हणजे माझ्या एकट्याच्याच रे. त्यात कुणाला बोलावणार?"

दुकानदाराचे गणित चुकले नव्हते. त्याने तोंडे मोजली होती, इतकेच. मला ते पटले नाही. विधुराने विधुराच्या मापाचीच भांडी घ्यावीत हा शहाणपणा मला नेहमीच थोडा निर्दय वाटत आला आहे. पण २३ लिटरांची बादली साठीच्या माणसाने एकट्याने उचलावी, असेही सांगवेना. मी म्हटले, "मधलं काही मिळत नाही का?"

मिळाले. बारा लिटरची बादली, तीत नऊ लिटर रस, सोळा बाटल्या. भरलेली असली तरी एका माणसाला उचलता येते. दादाने परवा कळवले की पहिली खेप झाली, जरा कडवट झाली आहे, आणि शनिवारी दोघे जण येऊन सहा बाटल्या संपवून गेले. मोठी बादली त्याने टाकलेली नाही. तीत तो आता तांदूळ ठेवतो.